उटकटारीचं उलटं न लावलेलं पान

कार्तिक लागून आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी मी जळगावच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मेथी निवडत बसले होते. दाराची बेल एकदा वाजली, दुसऱ्यांदा वाजली, आणि तिसऱ्यांदा तर वाजवणारं माणूस बोट काढायलाच विसरलं. मेथीची काडी हातात घेऊनच मी दार उघडलं. समोर माझ्या माहेरच्या गावची जडीबुटीवाली. पारोळ्याहून पहिल्या एसटीनं आलेली, डोक्यावरची गोणी अजून उतरवलेली नाही, आणि डोळे असे की मीच तिचं काही चोरलंय.

"अक्का," ती दारातूनच म्हणाली, "मी लोकेसले जहर खावाडस का वं?"

मी म्हटलं, "आधी गोणी ठेव. मग भांड."

गोणी तिनं अशी आपटली की खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघायला आल्या. मग कंबरेच्या पिशवीतून एक चार घड्यांचा कागद काढून माझ्या हातात कोंबला.

ही बाई माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तिची आई गावाबाहेरच्या बरडावरून, त्या खडकाळ माळावरून, औषधी झाडपाला गोळा करायची, आता ही करते. गोखरू, तरवडाची फुलं, आघाडा, आणि थंडीच्या तोंडावर उटकटारीची मुळं. धुळ्यातल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात तिचा माल जातो. आधी आईचा जायचा. या वर्षी त्या शेठजींच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी सांगितलं, कॉलेजातून दाखला आण, ही उटकटारीच आहे म्हणून. वरून तपासणी वाढली आहे म्हणे. बिचारी गेली. धुळ्याच्या ज्या कॉलेजात गेली, त्याच कॉलेजात मी लग्नाआधी दोन वर्षं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली होती. तिला ते ठाऊक होतं, म्हणून ती माझ्या दारात उभी होती.

कागदावर शिक्का होता आणि तीन ओळी होत्या. सादर केलेला नमुना उटकटारीचा नसून विभागातील संग्रहाशी ताडून पाहता काटेधोत्रा या विषारी वनस्पतीशी जुळतो, सबब दाखला देता येत नाही.

मी तो कागद दोनदा वाचला. मग गोणीत हात घातला, एक सुकलेलं पान काढलं आणि उलटं केलं. खालून पांढरं, कापूस चिकटवल्यासारखं. काटेधोत्र्याच्या पानाला खाली लव नसते, कधीच नसते. चार इयत्ता शिकलेल्या पोरीलाही हे एकदा दाखवलं की जन्मभर कळेल. आणि इथे शिक्का मारून, सबब लिहून...

माझं डोकं फिरलं. रागावर माझा ताबा कधीच नव्हता, पण सत्तरी उलटल्यावर मी तो ठेवायचं सोंगही सोडलंय.

"शेठ काय म्हणाला?"

"माल परत दिधा. म्हने, बाई, मना दुकानमा जहर नको. आनि ते गावमा बी समजनं. शेजारनीनी पोर बाळतीन व्हनार शे, तिले मी मूळ देयेल व्हतं. सासूनी आनीसन मना वट्टावर फेकी दिधं." तिनं कंबरेची पिशवी घट्ट आवळली. "मनी मायनी बठ्ठी जिंदगी तठे गयी. कोनी एक दिवस बोट नही दखाडं."

तेवढ्यात माझी नात उठून आली. इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे तिला सगळ्यावर इलाज मोबाईलमध्ये सापडतो. "आजी, ॲप आहे ना, फोटो काढला की झाड ओळखतं." तिनं सुकलेल्या पानाचा फोटो काढला. मोबाईल म्हणाला, हे कुठल्यातरी परदेशातलं काटेरी झुडूप आहे. तिनं पुन्हा काढला. मोबाईल म्हणाला, पालक.

"पालक!" जडीबुटीवाली म्हणाली. "कर भाजी. तुले वाढस."

नात फोन घेऊन आत गेली. मी साडी बदलली. मुलगा ऑफिसला निघाला होता, तो म्हणाला, "आई, फोन करून विचार ना, एवढ्या लांब कशाला?" मी त्याला म्हटलं, फोनवर मला कुणाची मान धरता येत नाही.

आम्ही दोघी बसस्टँडवर गेलो आणि धुळ्याची गाडी पकडली. एरंडोल येईपर्यंत मी तिला समजावत होते, की मी कशी त्या विभागप्रमुखाला उभं करते, कशी झाडते. माझ्या वेळी असं काही झालं असतं तर आमच्या सरांनी हातातला खडू फेकून मारला असता, असं मी तिला सांगितलं. आमच्या वेळी काम किती चोख असायचं, हेही सांगितलं. हे मी का लिहितेय? कारण पुढच्या दोन तासांत माझ्या तोंडाचं काय झालं ते कळावं म्हणून.

विभागप्रमुख चाळिशीतले, चष्मेवाले, अतिशय सभ्य. सभ्य माणसावर ओरडताना फार ताकद लागते. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मी चहा बाजूला सारला आणि गोणीतलं पान उलटं करून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, हे काटेधोत्रा आहे का?"

"मॅडम, मी त्या दिवशी परीक्षेच्या कामात होतो. सहायकांनी संग्रहाशी ताडलं. पण आमच्याकडे जुना, पक्का नमुना आहे. त्याच भागातला, त्याच अवस्थेतला. तुमच्याच पारोळ्याकडचा. तुम्हीच बघा."

त्यांनी कपाटातून एक जाड फोल्डर काढला, उघडला, आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

पिवळट पडलेला पुठ्ठा. त्यावर डिंकानं चिकटवलेलं सुकलेलं रोप, काटेरी, कातरलेल्या पानांचं. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. काळ्या शाईत, छापल्यासारखं अक्षर. आर्जेमोन मेक्सिकाना. काटेधोत्रा. त्याखाली बारीक अक्षरात, निरीक्षण: पान मोडता पिवळा चीक.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. कागद तसाच होता.

ते अक्षर माझं होतं.

त्या अक्षराचा मला काय गर्व होता, तुम्हाला सांगते. मी तेवीस वर्षांची होते, बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला होता आणि घरात कुणाचंही ऐकायची मला गरज उरली नव्हती. कॉलेजात तात्पुरती प्रयोगशाळा सहायक होते, पण चालायची अशी की विभाग माझ्याच नावावर आहे. सगळी लेबलं सर मला लिहायला द्यायचे, कारण माझं 'ट' आणि 'ठ' वेगळं ओळखू यायचं. मी रोज घरी येऊन आईला सांगायचे, आज मी पाच झाडांना नावं दिली. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "बरं. त्येसले काय नाव नव्हतं व्हय?" मला त्याचा राग यायचा. किती मूर्ख होते मी! आईच्या त्या प्रश्नात सगळं होतं, आणि मी उत्तर म्हणून तिला वर्गीकरणाची सहा नावं ऐकवायचे.

तर भाद्रपदात कॉलेजची वनस्पतींची सहल निघाली. सहल नेहमी भाद्रपदातच निघायची, कारण दिवाळीनंतर परीक्षा आणि परीक्षेनंतर कुणाला झाडांचं काय पडलंय! म्हणजे जे झाड भाद्रपदात फुलतं त्याची आमच्याकडे चांगली ओळख, आणि जे उशिरा फुलतं त्याला आम्ही दरवर्षी नुसत्या पानांवरून ओळखल्यासारखं करायचो. यावर कधी कुणाला लाज वाटली नाही. मला तर नाहीच.

त्या वर्षी सहल माझ्याच माहेरच्या गावाकडे. मी नायलॉनची नवी साडी नेसले होते, वीतभर उंचीच्या सँडल घातल्या होत्या, आणि डोळ्यांवर काळा चष्मा. बरडावर, सँडलमध्ये! चार वेळा पाय मुरगळला आणि चारही वेळा मी दगडाला दोष दिला. मुलं माझ्यामागे वही घेऊन, मी पुढे बोट दाखवत. मला वाटत होतं की गाव माझ्याकडे बघतंय. गाव बघतही होतं, ते नक्की कशाला बघत होतं हे आता मला कळतं.

तिथेच ते रोप होतं. जमिनीलगत पसरलेलं, काटेरी, कातरलेली पानं. सर लांबून म्हणाले, "काय आहे ते?" मी म्हटलं, "काटेधोत्रा, सर." सर म्हणाले, "मोडून बघ. पिवळा चीक आला पाहिजे."

मी मोडून बघितलं नाही. काटे फार होते आणि मी नखांना गुलाबी रंग लावला होता. मी खाली वाकले, दोन क्षण थांबले आणि म्हटलं, "आला, सर. पिवळा."

एवढंच. कुणी विचारलं तर मी हे कबूल केलं नसतं. कुणी विचारलं नाही.

आणि तिथे जवळच, गोखरू वेचत, ह्या जडीबुटीवालीची आई होती. ती आमच्याकडे आली, रोपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अवं पोरी, हाई उटकटारी शे. आते कसाले उपाडस? आते त्याले फूल नही शे. मार्गेसरमा ये, मंग दखाडसू. निळा निळा गोळा येस."

मी हसले. मुलांच्या समोर, मोठ्यानं. म्हटलं, "मावशी, पुस्तकात तसं नाहीये." मुलंही हसली.  तिनं आपलं फडकं उचललं आणि पुढे गेली. मला आठवतं की मला तेव्हा फार हुशार वाटलं होतं.

मग कॉलेजात आल्यावर ते रोप मी वर्तमानपत्रात दाबून वाळवलं. चिकटवताना एक नियम असतो. निदान एक पान उलटं लावायचं, म्हणजे खालची बाजू दिसते. मी सगळी पानं सरळ लावली. का, तर सरळ पानं शोभून दिसत होती. उलटं पान लावलं की कागद मळका दिसतो असं मला वाटलं. खालची पांढरी लव मी स्वतःच्या हातानं डिंकाखाली पुरली आणि वर सुंदर अक्षरात खोटं लिहिलं.

आता त्या टेबलापाशी बसून मला हे सगळं एका दमात आठवलं, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. सकाळपासून मी ज्याची मान धरायला निघाले होते ती मान माझी निघाली. बसमध्ये 'आमच्या वेळी काम किती चोख' असं मी बोलले होते, ते शब्द मला परत ऐकू आले.

विभागप्रमुख म्हणत होते, "बघा ना, मॅडम. इथं प्रत्यक्ष निरीक्षण लिहिलंय. चीक पिवळा. सुक्या नमुन्यात चीक दिसत नाही, म्हणून ह्या नोंदीवरच विश्वास ठेवावा लागतो."

"ठेवू नका," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"ते निरीक्षण झालेलंच नाही. तिनं पान मोडलंच नव्हतं."

"कुणी?"

"मी."

जडीबुटीवाली इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती आता माझ्याकडे वळली. "म्हंजे... हाई तुनं अक्षर शे?"

मी मान हलवली.

तिनं गोणी आपल्या पायाशी ओढून घेतली. 

विभागप्रमुखांचा माझ्यावर विश्वास बसेना, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. एखादी म्हातारी अचानक येऊन म्हणते, पन्नास वर्षांपूर्वीचं हे लेबल माझं आणि मी खोटं लिहिलं, तर कोण ऐकेल? त्यांनी एक कागद पुढे केला. "सही किंवा काहीतरी लिहून दाखवा, मॅडम." मी 'काटेधोत्रा' लिहिलं. हात आता कापतो, पण 'ट' तसाच निघाला. ते दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"तरीही," ते म्हणाले, "नमुना हा पुरावा म्हणून..." आणि त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत व्हरांड्यात गेले.

मी केसांतला आकडा काढला.

तुम्ही म्हणाल, असं करू नये. मलाही ते माहीत आहे. मी बोट जिभेला लावलं, त्या जुन्या डिंकाला ओल दिली, आणि एका पानाच्या टोकाखाली आकडा हळूच घातला. डिंक जुना, कडकड करत सुटला. पान उचललं. खाली पांढरी लव, डिंकानं पिवळी पडलेली, पण लव. पन्नास वर्षं तिथेच होती.

विभागप्रमुख आत आले, आणि आकडा माझ्या हातातच राहिला.

"मॅडम! तुम्ही नमुना खराब केलात!"

"मी तो पन्नास वर्षांपूर्वीच खराब केला होता, सर. आता दुरुस्त करतेय. बघा."

ते वाकले. भिंग आणलं. भिंगातून पाहिलं, मग आमच्या गोणीतलं पान शेजारी ठेवून पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लव आहे. हे काटेधोत्रा नाही. ही आमची चूक झाली." मला वाटलं, आता सही. पण ते म्हणाले, "पण ही उटकटारीच आहे असं मी फूल पाहिल्याशिवाय लिहिणार नाही."

मी उसळले. "आणि काटेधोत्रा म्हणून शिक्का मारलात तेव्हा कुठलं फूल पाहिलं होतं?"

त्यांचे कान लाल झाले. "म्हणूनच. एकदा चुकलं. परत फुलाशिवाय नाही."

मला त्यांचा इतका राग आला कारण ते बरोबर होते. माझ्या तेवीस वर्षांच्या हाताला असं कुणी अडवलं असतं, तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि आज ही बाई दारोदार फिरली नसती.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली नाही. दोन रांगा पुढे, खिडकीशी बसली. पारोळ्याला उतरताना तिनं गोणी डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनी माय मरेपर्यंत सांगे, ती शिकेल पोर माले हासनी व्हती; नाव मातर नही सांगे. मी म्हने, मरू दे ना, कोन शे ती. माले काय ठाऊक, तू व्हतीस."

गाडी सुटली. मी एरंडोलपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले आणि कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडले. सुट्टे माझ्याकडे होते.

फुलं यायला अजून तीन आठवडे होते. ते तीन आठवडे मी घरात कुणाला सुखानं जगू दिलं नाही. नातीच्या ॲपला नावं ठेवली, मुलाच्या फोनवरच्या बोलण्याला नावं ठेवली, सूनबाईच्या मेथीच्या मुठियाला नावं ठेवली, आणि तो मुठिया चांगला होता. एक दिवस सूनबाई म्हणाली, "आई, तुमचं काय झालंय सांगा तरी." मी सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग त्या बाईला फोन केलात का?" मी केला होता. ती उचलत नव्हती.

मार्गशीर्ष लागला तसं विभागप्रमुखांना कळवून मी गावाला गेले. ते कॉलेजच्या गाडीनं आले, तीन मुली बरोबर, वह्या घेऊन. मी एसटीनं, साध्या चपला घालून. जडीबुटीवालीला मी बोलावलं नव्हतं, बोलवायची हिंमत झाली नाही. पण गाव लहान, आणि कॉलेजची गाडी बरडाकडे जाताना दिसली की सगळ्यांना सगळं कळतं. आम्ही पोहोचलो तर ती आधीच तिथे, कमरेवर हात ठेवून.

आणि बरडावर उटकटारी फुललेली. आजूबाजूचं गवत वाळून तांबूस झालेलं, ज्वारीच्या शेतांपलीकडे नुसता दगड आणि माती, आणि त्यात त्या पांढुरक्या दांड्यांवर निळसर गोळे. चेंडू म्हणायला छोटे, लिंबू म्हणायला मोठे. माश्या, मधमाश्या त्यावर अशा तुटून पडलेल्या की त्या दिवसांत त्यांना दुसरं काही उरलेलंच नसेल. मुळातून दरवर्षी फुटणारं झाड. मी तिथे किती वेळा आले असेन लहानपणी, आणि कॉलेजला जायला लागल्यावर दिवाळीनंतर एकदाही नाही.

एक मुलगी म्हणाली, "सर, हे एकच फूल आहे ना?"

विभागप्रमुख उत्तर देणार तेवढ्यात जडीबुटीवाली म्हणाली, "एक कोठे? मोज." तिनं गोळा हळूच वाकवला, वरच्या टोकाकडून एक एक निळी नळी उघडलेली, खालच्या अजून मिटलेल्या. "वरथीन फुलस, खाले उतरस. हाई बठ्ठं एक एक फूल शे. गोळामा गाव ऱ्हास."

विभागप्रमुख म्हणाले, "सूर्यफुलाच्या कुळातली. पण तिच्यातही वेगळी. प्रत्येक फूल आपलं वेगळं, आणि मग सगळी मिळून हा गोळा. बरोबर सांगितलंत."

"मी बरोबर सांगस ते आते समजनं का?"

 मुली माना खाली घालून लिहू लागल्या.

मग तिनं त्यांना दाखवलं, कुठलं झाड खणायचं आणि कुठलं नाही. प्रत्येक पुंजक्यातलं सगळ्यात मोठं झाड, त्याला ती 'माय' म्हणते, त्याला हात लावायचा नाही. बाकीच्यांतलं तीन सोडून एक, आणि तेही फूल यायच्या आधी, कारण फुलल्यावर मूळ पोकळ होतं. तिच्या आईनं तिला असंच शिकवलं होतं. विभागप्रमुखांनी हे लिहून घेतलं आणि विचारलं, "याचं नाव कुणाचं घालू? म्हणजे माहिती कुणी दिली म्हणून." ती म्हणाली, "मायनं घाल." आणि आईचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, अक्षर अक्षर सांगितलं. मी एका बाजूला उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी तिनं विभागप्रमुखांच्या हातात एक ताजं पान दिलं. "मोडी देख."

त्यांनी मोडलं. काटा लागला, हात झटकला, पण मोडलं. चीक आला नाही, ना पिवळा ना पांढरा. मुलींपैकी एकीनं फोटो काढला. मी त्या मुलीच्या नखांकडे पाहिलं. गुलाबी होती. 

दाखला चार दिवसांत मिळाला. कॉलेजनं शिक्का मारला, शेठजींनी वाचला, माल घेतला. ते तिला म्हणाले म्हणे, "बाई, मला माहीतच होतं, तुझा माल चोख असतो." मला हे माहेरहून फोनवर कळलं तेव्हा मी घरात एकटीच मोठ्यानं बोलले. माहीत होतं, तर परत कशाला पाठवलास? तिच्या आईपासून माल घेतोस. तिच्या तोंडावर विश्वास नाही, आणि माझ्यासारख्या बेजबाबदार पोरीनं डिंकानं चिकटवलेल्या कागदावर विश्वास! ओट्यावर मूळ फेकणाऱ्या त्या सासूनंही ते परत मागून नेलं. सॉरी म्हणाली नाही. ह्या सगळ्या माणसांना एका रांगेत उभं करून मी काय काय बोलले असते! पण त्या रांगेत पहिला नंबर माझा लागतो, म्हणून गप्प बसते.

त्या जुन्या कागदाचं काय झालं ते विचारायला मी पुन्हा एकदा धुळ्याला गेले. मी म्हटलं, "सर, ती चिठ्ठी फाडून टाका. मी नवी लिहून देते." ते म्हणाले, "मॅडम, जुनी चिठ्ठी काढायची नसते. तिच्याशेजारी नवी लावायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही." मी खूप वाद घातला. ऐकले नाहीत. आता तो कागद पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवतात. पान उलटं लावायला विसरलं की काय होतं, ते शिकवायला. माझं ते छापल्यासारखं अक्षर, काळ्या शाईतलं, सगळे बघतात. सर म्हणाले, "काही मुलं अक्षराचं कौतुक करतात, मॅडम."

मला वाटतं तो माणूस दिसतो तेवढा सभ्य नाही.

जडीबुटीवालीनं फोन शेवटी उचलला तो पौषात. मी म्हटलं, "अगं, माल गेला, नाव निघालं, आता तरी ये. तुझ्यासाठी मेथीचे मुठिये करते."

"नही."

"का?"

"मी रागमा शे."

"अजून?"

"अजून."

"किती दिवस राहणार आहेस रागात?"

फोनच्या पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "अक्का, तुले खरं बोलाले पन्नास वरीस लागनात. माले एक वरीस तं रागमा ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, "राहा." आणि तिनं फोन ठेवला.